मामाजींची बादली

अकरा वर्षं मी या घराला अंघोळीचं पाणी तापवून दिलं. पाणी बरं तापलं, असं त्या अकरा वर्षांत एकदाही कुणी म्हटलं नाही. कोमट झालं त्या दिवशी मात्र सगळ्यांना वाचा फुटायची. मी तक्रार करत नाहीये. करतेय असं वाटलं, तर करतेय.

पाण्याची चूल मागे सांदवाडीत, म्हणजे परसात, न्हाणीला लागून होती. तिच्यावर ॲल्युमिनियमचा मोठा गंज. लाकूड मिळालं तर लाकूड, नाहीतर शेताच्या धुऱ्यावरच्या तुरीच्या काड्या, तेही संपलं की गोवऱ्या. हिवाळ्यात गोवरी दवाने ओली व्हायची, आणि मग पेटायच्या आधी ती अर्धा तास नुसता धूर द्यायची. विजेच्या रॉडचं नाव काढू नका. दोन हजार नऊ साली दवनीवाड्यात पहाटेपासून नऊपर्यंत वीजच नसायची. रॉड घरात होता. खुंटीला टांगलेला होता.

मला खोकला लागला तो जाईना. दिवाळीनंतर सासूबाई मला घेऊन गोंदियाच्या डॉक्टरकडे गेल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते, नाव गुणवंता. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, फोटो काढायला लावला, आणि विचारलं, "बाई, बीड़ी पीती हो क्या?"

मी काही बोलायच्या आधी आत्याबाईच उसळल्या. "आमी पोवार आहो, डॉक्टर साहेब. आमच्या घरच्या बाया बिडी पीत नाईत."

"फिर चूल्हा बंद करो," डॉक्टर म्हणाले. "ये धुआँ और दो-चार साल गया ना अंदर, तो फिर मेरे पास मत आना."

परत येताना बसमध्ये आत्याबाई बिडीवरूनच धुमसत होत्या. चुलीचा विषय त्यांनी काढला नाही. स्वयंपाकाला गॅस होता, म्हणजे डॉक्टर म्हणाले ती चूल कोणती, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

माझे यजमान खुमेंद्र देवरीला शाळेत मास्तर. तिथेच खोली घेऊन राहतात, शनिवारी बसने येतात. त्यांच्या हेडमास्तरांच्या गच्चीवर सूर्यावर पाणी तापवायचं यंत्र बसलं होतं. मी त्यांना सरळ सांगितलं, एकतर ते यंत्र आणा, नाहीतर मला माहेरी पाठवा आणि तुम्ही येऊन फुंकणी धरा. माणूस भिडस्त आहे, पण फुंकणीला घाबरतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात यंत्र आलं.

आमच्या घरात एरवी सगळे आनंदाने नाचले असते, पण त्या वर्षी घर जरा दबूनच होतं. कार्तिकात माझ्या सासऱ्यांना, इंदरलाल मामाजींना, हृदयाचा झटका येऊन गेला होता. धानाची कापणी चालू असताना बांधीतच, म्हणजे शेतातच, खाली बसले ते. नऊ दिवस गोंदियाला दवाखान्यात होते. परत आले तेव्हा मूळचेच कमी बोलणारे मामाजी आणखी कमी बोलायला लागले, आणि मूळच्याच धास्तावणाऱ्या आत्याबाई सावलीसारख्या त्यांच्या मागे फिरायला लागल्या. चुरणीच्या, म्हणजे मळणीच्या, खळ्यावर जायचं नाही, जिना चढायचा नाही, दार लावून झोपायचं नाही. आमच्या घरात पोवारी बोलतात. आत्याबाई त्या बोलीत जे बोलायच्या ते मी इथे गावच्या मराठीत सांगतेय, पण खरं सांगायचं तर त्यांचं निम्मं बोलणं त्या महिन्यात बोलीत नव्हतंच, नुसतं डोळ्यांत होतं.

यंत्र बसवायला गोंदियाहून मुन्ना नावाचा फिटर आला. काचेच्या काळ्या नळ्यांची रांग आणि वर आडवी टाकी. त्याने सगळ्याचं तोंड दक्षिणेला केलं. आत्याबाई खालून म्हणाल्या, "दक्षिनेले कायले? दुसरीकडे जागा नाई का?"

"अम्मा, सूरज उधरसेच जाता है," मुन्ना वरून म्हणाला.

दक्षिण म्हणजे यमाची दिशा. आत्याबाईंनी ती कडू गोळीसारखी गिळली. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी घरातले सगळे न्हाणीसमोर जमले, जसं काही आत नवरी येणार होती. मी नळाखाली बादली ठेवली आणि नळ सोडला. गार पाणी आलं. येणारच. टाकी गच्चीवर, न्हाणी मागच्या टोकाला, मध्ये साठ फूट पाईप. रात्रभर पाईपात थांबलेलं पाणी आधी बाहेर पडणार. चार-पाच लोटे गार आलं, मग कोमट, मग एकदम वाफा. माझी नऊ वर्षांची रुची टाळ्या वाजवायला लागली. खुमेंद्रांनी बादलीत हात घालून पाहिला आणि म्हणाले, "वा, इसन टाकायची बी गरज नाई. अंगाले लागते तेवढंच गरम झालं."

आत्याबाईंचा चेहरा पाहिला आणि मला कळलं की काहीतरी बिनसलं.

"ओत ते," त्या म्हणाल्या.

"काऊन?" खुमेंद्र म्हणाले.

"ओत म्हनलं ना."

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जिवंत माणसाच्या अंघोळीला आधी कढत पाणी घ्यायचं आणि त्यात गार घालायचं. त्या गाराला विसण म्हणतात. आमच्याकडे इसन. उलटं कधी करायचं नाही. आधी गार आणि त्याच्यावर गरम, हे पाणी एकाच माणसाला घालतात, ज्याला अंगणात पाटावर ठेवलेलं असतं आणि जो पुन्हा कधी अंघोळ मागणार नाही. मुलींना हे कुणी शिकवत नाही. बादली भरताना कुणीतरी हातावर चापट मारतं, तेवढ्यात शिकून होतं. मलाही आईने मारली होती.

आणि हे यंत्र रोज सकाळी, न चुकता, आधी गार आणि मग गरम देणार होतं. घरात पहिली अंघोळ मामाजींची असायची. दीड महिन्यापूर्वी जे मरणाच्या दारातून परत आले होते, त्यांची.

मी म्हटलं, "आत्याबाई, सोपं आहे. पहिले चार लोटे सांडून देऊ. मग गरम घेऊ, मग इसन घालू."

"सांडलं म्हनून का झालं?" त्या म्हणाल्या. "आधी तेच आलं ना? गरम त्याच्या मागूनच येऊन राहिलं."

"बादलीत तर नाही ना पडलं."

"नळ तोच, पाईप तोच. तुमी सगळे करा त्या पान्यानं. त्याईच्या अंगाले ते पानी लागनार नाई."

मामाजी ओसरीवर बसून मुर्रे, म्हणजे चुरमुरे, खात होते.  खुमेंद्र माझ्याकडे पाहून खांदे पाडून उभे राहिले. आईचा मुलगा आहे तो, त्याला मी वेगळं काय सांगू.

म्हणजे हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. एका बादलीसाठी चूल पेटणार होती. आणि ज्याला चूल पेटवता येते त्याला माहीत आहे, बादली एक असो की दहा, धूर तेवढाच होतो.

सोमवारी पहाटे खुमेंद्र देवरीच्या बसला गेले, आणि मी मुकाट्याने सांदवाडीत आले. मनात शिव्या होत्या, पण काड्या हातात होत्या. बघते तर आत्याबाई आधीच चुलीसमोर बसलेल्या. पदर नाकाला लावलेला, हातात फुंकणी.

"तुले डॉक्टरनं मना केलं," त्या म्हणाल्या. "मी पेटवीन."

"द्या इकडे, आत्याबाई."

"जा, रुचीचा डबा भर."

चौसष्ट वर्षांच्या बाईला धुरात बसवून मी गच्चीवरच्या पाण्याने अंघोळ करायची, हे सुख मी किती दिवस सोसणार होते? तीन दिवसांत शेजारच्या रुख्माबाई कुंपणावरून बोलल्याच. "ओमेश्वरी, तुयं पानी त देव तापवून राहिला. सासूचं नशीब पाय." त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे शब्द होते, पण ते सगळे खरे नव्हते, म्हणून दिलं नाही.

रोजचा क्रम ठरला. आत्याबाई साडेपाचला चूल पेटवायच्या. सहाला कढत पाण्याची अर्धी बादली उचलून न्हाणीत ठेवायच्या, शेजारी गार पाण्याची दुसरी. मग मामाजी टॉवेल खांद्यावर टाकून आत जायचे आणि आत्याबाई बाहेर ओट्यावर बसून राहायच्या. आतून पाण्याचा आवाज आला की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. मामाजी बाहेर आले की त्यांच्या केसांना हात लावून बघायच्या आणि मग खोकत खोकत चहा ठेवायला जायच्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांचे डोळे लाल राहायला लागले. मी चूल मागितली की देत नव्हत्या. खरं सांगते, मी सारखी सारखी मागितलीही नाही. मला रात्री खोकल्याशिवाय झोप लागायला लागली होती, आणि आपण किती नीच आहोत हे अशा शांत झोपेतच माणसाला नीट कळतं.

दहा दिवसांत न्हाणीमागचा धोपा मरायला लागला. धोपा म्हणजे अळू. न्हाणीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे आत्याबाईंनी लावलेलं, हातभर पानांचं. भर हिवाळ्यातही त्याची वडी व्हायची. आता पानं काठापासून तपकिरी होऊन लोंबायला लागली, देठ शिजल्यासारखे मऊ पडले.

आत्याबाईंनी ते पाहिलं आणि माझा खटला तिथेच निकालात निघाला.

"पाय," त्या म्हणाल्या. "तुया सूर्याच्या पान्यानं धोपा मेला. झाडाले सहन होत नाई ते मानसाले का होईल?"

मी मुन्नाला फोन लावला. तो म्हणाला, भाभी, पाणी तुमच्याच विहिरीचं आहे, मी त्यात काय घालणार. ते मी आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो त म्हनंलच."

मधला रविवार शाळेच्या स्नेहसंमेलनात गेला म्हणून खुमेंद्र आले नव्हते. ते पुढच्या शनिवारी संध्याकाळी आले. आत्याबाईंनी त्यांना हात धरून न्हाणीमागे नेलं, धोपा दाखवला, आणि म्हणाल्या, "उद्या त्या पोराले बलाव. काढून नेऊ दे. घरात एक आजारी मानूस असताना मले हे नोको."

खुमेंद्र रात्री मला म्हणाले, "काढून टाकू. हेडमास्तरच्या मेव्हन्याले पायजेच आहे. आईच्या मनाले लागलं त..."

"आणि माझ्या छातीला लागलं ते?"

"मी लाकूड चांगलं आनून देईन. सुकं."

मी भिंतीकडे तोंड करून पडले. डॉक्टरांनी काढवलेला छातीचा फोटो कपाटात होता, त्यातले पांढरे ढग खुमेंद्रांनीही पाहिले होते. त्या रात्री मला माझ्या नवऱ्याचा जेवढा राग आला तेवढा पुन्हा कधी आला नाही, आणि पुन्हा येऊ नये.

रविवारी सकाळी मामाजींची अंघोळ झाली. सगळे ओसरीवर उन्हात चहाला बसलो. खुमेंद्रांनी मुन्नाचा नंबर लावायला मोबाईल काढला.

मामाजी चहात मुर्रे टाकत होते. ते म्हणाले, "ठेव तो फोन."

ते सहसा कुणाला काही ठेव म्हणत नाहीत. खुमेंद्रांनी ठेवला.

"आज किती दिवस झाले?" मामाजींनी विचारलं.

"कायले?" आत्याबाई म्हणाल्या.

"मी मोजले. मंगळवारपासून धर. आज तेरा झाले." त्यांनी चमच्याने मुर्रे खाली दाबले. "तेरा दिवस मी त्याच नळाचं पानी घेऊन राहिलो. आधी गार, वर गरम. एक थेंब सांडला नाई."

 आत्याबाई म्हणाल्या, "आन मी ठेवतो ती बादली?"

"ते मोरीत ओततो. कढत होते, धोपा मेला. माह्या ध्यानात नाई आलं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मेलो असतो त आज माही तेरवी राहिली असती. सगळे जेवाले बसले असते. मी चहा पिऊन राहिलो."

रुची फस्सकन हसली. खुमेंद्र खाली बघायला लागले. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि त्या दोन्हीच्या वर खोकला आला.

आत्याबाई हसल्या नाहीत. "मले काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं त तू उपास धरून बसली असती. म्हटलं, आधी जगून दाखवतो, मंग सांगतो." मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "पोरीची छाती खराब झाली. डॉक्टरचा फोटो मी बी पायला."

आत्याबाई उठल्या. कप तसाच ठेवला आणि मागे निघून गेल्या.

मला वाटलं होतं, आपण जिंकलो की आपल्याला नाचावंसं वाटेल. मी त्यांच्यामागे गेले. त्या चुलीसमोर पाटावर बसल्या होत्या. राखेतून अजून धुराची बारीक रेघ निघत होती. त्यांचे डोळे लाल होते, पण ते रोजच लाल होते, म्हणून त्या रडत होत्या की नाही हे मला सांगता येणार नाही.

"तेरा दिवस मी हा धूर खाल्ला," त्या म्हणाल्या. "आन ते मोरीत ओतून राहिले."

 मामाजींनी माझ्यासाठी जीव पणाला लावला होता, निदान आत्याबाईंच्या हिशेबाने तरी. पण तेरा दिवस बायको बाहेर खोकत होती आणि तो माणूस आत तिचं पाणी ओतत होता, हेही खरंच. पुरुषांचं चांगुलपण असंच असतं, त्याचा धूर दुसरीकडे निघतो.

"तेरा दिवसांत माही छाती भरून आली," आत्याबाई म्हणाल्या. "तू किती वर्षं फुंकली?"

"अकरा."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "मी तुले ही चूल दिली तवा मले लय बरं वाटलं होतं. म्हटलं, सुटलो बापा." आणि पदराने डोळे पुसले. माझ्यासमोर त्यांनी असं कधी काही कबूल केलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ खाली बसले, आणि आम्ही दोघी ती चूल विझेपर्यंत तशाच बसून राहिलो.

सोमवारी खुमेंद्र देवरीला गेले. यंत्र जागेवरच राहिलं. सहा वाजले तरी सांदवाडीत धूर नव्हता. मामाजी त्यांची अंघोळ करून, केस ओले, खळ्याच्या दिशेने चार पावलं टाकून आले, आणि त्यांना कुणी अडवलं नाही.

मग आत्याबाई टॉवेल घेऊन न्हाणीपाशी आल्या. "माही बादली भर," त्या म्हणाल्या. "माह्यानं तो नळ फिरत नाई."

"बरं. आधीचं सांडते, मग..."

"सांडू नोको. त्याईच्यासारखीच भर. आधी गार, वर गरम."

मी त्यांच्याकडे पाहिलं. "कायले, आत्याबाई?"

"तेरा दिवस त्याईनं घेतलं ना? आता जे का त्याईचं होईल ते माहं बी होऊ दे. मी कायले मागं राहू?" हे त्या अशा सरळ बोलल्या, जसं काही बाजारातून दोन किलो बटाटे आण म्हणत होत्या. आणि ओट्यावर पाठमोऱ्या बसून त्यांनी केस सोडले.

मी आत गेले. नळाखाली बादली ठेवली. गेले पंधरा दिवस मी या घरात ओरडून सांगत होते की पाणी म्हणजे पाणी, गार म्हणजे नुसतं गार. माझ्या स्वतःच्या बादलीत, रुचीच्या बादलीत मी ते रोज भरलं होतं.  आता नळाला हात लावला आणि फिरवता येईना. बाहेर पांढऱ्या केसांची ती बाई बसली होती, जिने अकरा वर्षं मला धुरात बसवलं होतं आणि तेरा दिवस माझ्या जागी धुरात बसली होती, आणि तिच्या बादलीत ते पाणी पडावं असं मला वाटेना. काही केल्या वाटेना.

मी बादली पायाने बाजूला सरकवली आणि नळ सोडला. गार पाणी मोरीत जाऊ दिलं. चार लोटे, पाच लोटे. बोटं भाजायला लागली तेव्हा बादली नळाखाली घेतली, कढत पाण्याने अर्धी भरली, आणि दुसऱ्या नळाने वरून विसण घातलं.

"पानी कायले सांडून राहिली?" बाहेरून आत्याबाईंनी विचारलं.

"पाईपात माती आली, आत्याबाई."

 आत्याबाई आत आल्या, बादलीत हात घालून पाहिला, आणि तो हात तसाच पाण्यात राहू दिला.

"माती त रोजच येईल," त्या म्हणाल्या. "त्याईच्या बादलीत बी पाहून भरत जा."